न फुटलेली काच

१

पूल पडला तो सकाळी, माणसं कामाला निघतात त्या वेळेला. म्हाताऱ्याच्या तोंडातला पुढचा दात पडावा तसा नेमका मधला तुकडा नदीत गेला, आणि दोन्ही काठांकडचे भाग जागच्या जागी उभे राहिले. त्या तुकड्यावर त्या क्षणी एकच बाई होती. इस्पितळात बाळंतिणींच्या कक्षात काम करणारी नर्स, रात्रपाळी संपवून घरी निघालेली. मागून येणाऱ्या दोघांनी सांगितलं की ती मान वळवून त्यांना काहीतरी म्हणत होती. तिचं वाक्य पुरं झालंच नाही.

चौकशीला राजधानीतून ज्या बाई आल्या त्यांना खात्यात पाठीमागे सगळे चिमटाबाई म्हणायचे. बोलणाऱ्याच्या तोंडून एखादा शब्द निसटला की बाई तो असा धरायच्या, की माणूस कळवळल्याशिवाय सोडायच्या नाहीत. हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं.

पुलाच्या देखरेखीसाठी गावात तिघांची समिती होती. सरकारी इंजिनियर, गावाच्या नगराध्यक्षा, ज्यांना लहानथोर सगळे ताई म्हणत, आणि इस्पितळाचे मुख्य डॉक्टर. तिघंही बाईंना घ्यायला आले आणि नमस्कार-चमत्कार आटोपताच त्यांनी बाईंना पुलाखालच्या पायऱ्यांनी खाली नेलं. पाहुण्याला नवं बाळ दाखवावं तशी त्यांची लगबग चालली होती.

खाली, काठाजवळच्या दगडी खांबाला एक उभी भेग होती, आणि भेगेवर आडवी चिकटवलेली, बोटभर रुंदीची एक काचेची पट्टी. व्यवस्था साधी होती. भेग हलली की काच तडकणार. काच तडकली की समितीतल्या ज्याच्या नजरेला ती आधी पडेल त्यानं कुणालाही न विचारता पुलाच्या दोन्ही तोंडांची फाटकं बंद करायची. तिघांकडे किल्ल्या होत्या. काच बघण्याचे आठवडे तिघांनी आळीपाळीनं वाटून घेतले होते.

"बघा," इंजिनियर हळुवारपणे म्हणाले, "काच शाबूत आहे. पुलानं इशाराच दिला नाही. आता याला कोण काय करणार?"

ताईंनी मान हलवली. डॉक्टर वाकून काचेपाशी गेले आणि किंचित दचकले. मग त्यांच्या चेहऱ्यावर एक विलक्षण शांतता पसरली, ताप उतरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पसरते तशी. बाईंनी ती बघितली आणि मनात ठेवून दिली.

मग त्या स्वतः वाकल्या. भेगेत हिरवंगार शेवाळ होतं. वरून खालपर्यंत अखंड, काचेच्या खालूनही गेलेलं. पट्टीखाली ते दाबलं जाऊन चपटं झालं होतं, वहीत ठेवलेल्या पानासारखं.

"ही काच कधी लावली?"

"दोन वर्षं झाली. बाहेरून तज्ज्ञ आले होते, त्यांनी लावली. तेव्हा भेग केसाएवढी होती," इंजिनियर म्हणाले.

"मग केसाएवढ्या भेगेत एवढं शेवाळ मावलं कसं?" बाई म्हणाल्या. "आणि काचेच्या खाली जाऊन बसलं कसं?"

तिघांपैकी कुणीही बाईंकडे बघितलं नाही. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे त्यांनी एकमेकांकडेही बघितलं नाही.

२

जुनी काच फुटली होती, आणि कुणीतरी गुपचूप नवी लावली होती. हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. कोणी लावली, एवढंच बाकी होतं.

बाई आधी इंजिनियरांकडे गेल्या. निवृत्तीला टेकलेला, गोड बोलणारा माणूस. घर नीटनेटकं, एकट्याचं. फुटलेल्या कपबश्या जोडायचा त्यांना नाद होता. ज्या कपातून त्यांनी बाईंना चहा दिला त्याचा कान पूर्वी कधीतरी निखळलेला होता आणि सांधा इतका पारदर्शक होता की नखानंच कळावा. बाईंनी कौतुक केलं तेव्हा ते लाजले. पुलाचा विषय निघाला तसे मात्र त्यांनी आपल्या आधीच्या इंजिनियराची कथा सांगितली. त्या माणसानं दुसऱ्या गावचा एक पूल धोक्याचा म्हणून बंद केला होता. व्यापारी खवळले, वरून फोन आले, तज्ज्ञ आले, पूल दुरुस्त झाला, आणि आज तो ठणठणीत उभा आहे. त्या माणसाची बदली कुठल्या कुठे झाली.

"पूल पडला नाही ना, बाई. त्यामुळे तो मूर्ख ठरला. पडणारा पूल वाचवला याचा पुरावा काय देणार? वाचलेल्या पुलाला कुणी हार घालत नाही."

हे वाक्य त्यांनी इतक्या सफाईनं म्हटलं, की ते पूर्वीही पुष्कळदा, निदान स्वतःशी तरी, म्हटलेलं असणार.

ताईंचं घर म्हणजे खाली दुकान, वर बिऱ्हाड. त्यांच्या यजमानांचं खिडक्यांना काचा बसवण्याचं आणि तसबिरींना चौकटी करण्याचं दुकान होतं. काचा पक्क्या बसवायला जवसाच्या तेलात मळतात त्या लांबीचा वास जिन्यापर्यंत आला होता. ताई मोकळ्या स्वभावाच्या. पूल बंद केला असता तर काय झालं असतं, हे त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. पलीकडची गिऱ्हाइकं तुटली असती, अलीकडचे दुकानदार दारात येऊन बसले असते, आणि निवडणूक तोंडावर. लोकांना पूल हवा असतो, सुरक्षितता नको असते. सुरक्षितता ही पूल पडल्यावर हवीशी वाटते.

"आणि काच तर शाबूत होती," त्या शेवटी म्हणाल्या. विचारलं नसताना.

डॉक्टर हाडांचे. त्यांच्या खोलीतल्या कपाटावर प्लॅस्टरचे पांढरे हात-पाय रांगेनं मांडलेले होते. ते नर्सबद्दल खूप बोलले. अशी बाई होणे नाही, तिच्या हातून शेकडो मुलं जन्मली, इस्पितळ पोरकं झालं. बोलताना त्यांचे डोळे खरोखरच भरून आले. बाईंनी विचारलं, तिनं कधी पुलाबद्दल काही म्हटलं होतं का? डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आठवत नाही, म्हणाले.

बाहेर पडताना बाईंच्या मनात इंजिनियरांचा तो कप घोळत होता. कारण खांबावरच्या काचेच्या कडेला तसाच, पाण्यासारखा पारदर्शक सांधा त्यांनी बघितला होता. चोर सापडला, असं त्यांना वाटलं. एवढ्या लवकर सापडला म्हणून थोडी निराशाही झाली.

३

दुसऱ्या दिवशी दोन साक्षीदार आणि एक गवंडी घेऊन त्या पुन्हा खाली गेल्या. गवंड्यानं पातळ पातं घालून काच अलगद उचलली. खाली पारदर्शक, कडक झालेला थर. दोन नळ्यांमधला चिकट पदार्थ मिसळून लावतात, तो. इंजिनियरांच्या कपाच्या कानाचा.

"झालं?" गवंड्यानं विचारलं.

"अजून खरवडा."

पारदर्शक थराखाली पिवळट, तेलकट काहीतरी निघालं, आणि त्यात रुतलेली काचेची एक कपची. बाईंनी ते बोटावर घेऊन हुंगलं. जवसाचं तेल. तसबिरीच्या दुकानातली लांबी.

बाई पायरीवर बसल्या. गवंडी पुढचं खरवडू लागला. लांबीच्या खालून खडूसारखी पांढरी पूड सांडली. तिच्यात एक कपची होतीच. त्याखाली मग तज्ज्ञांनी लावलेलं मूळचं सिमेंट लागलं, दगडासारखं.

एकच चोर असता तर त्यानं तिन्ही वेळा एकच डिंक वापरला असता. इथं तीन वेळा काच फुटली होती, आणि तिन्ही वेळा वेगळ्या हातांनी, घरी जे मिळालं त्यानं ती पुन्हा चिकटवली होती. पांढरं प्लॅस्टर, मग लांबी, मग तो पारदर्शक डिंक. डॉक्टर, ताई, इंजिनियर.

पण बाईंना जे खरं झोंबलं ते निराळंच होतं. लांबी लावणाऱ्याच्या नखांना खालचं पांढरं लागलं असणार. पारदर्शक डिंक लावणाऱ्याला दोन्ही दिसले असणार. म्हणजे दुसऱ्याला ठाऊक होतं की आपल्या आधी कुणीतरी हेच करून गेलंय. तिसऱ्याला तर दोघांचं ठाऊक होतं. आणि ते बघून त्यांचे हात थांबले नव्हते.

४

नर्सचा नवरा पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी सलून चालवायचा. दुकान उघडं होतं. तो एका गिऱ्हाइकाची दाढी करत होता आणि आरशातून त्यानं बाईंना बसायची खूण केली. गिऱ्हाईक गेल्यावर त्यानं वस्तरा पुसला आणि म्हणाला, घरी बसवत नाही.

बाईंनी फार विचारलं नाही. तोच सांगत गेला. गेल्या थंडीपासून ती म्हणत होती की मधल्या भागावर पाय ठेवला की तळव्यांना मुंग्या येतात, खाली काहीतरी सरकतं. त्यानं चेष्टा केली होती. तुझं वजन वाढलंय, म्हणाला होता. हे सांगताना तो हसला आणि मग त्याला वस्तरा खाली ठेवावा लागला.

"डॉक्टरांना सांगितलं होतं तिनं?"

"सांगितलं ना. दर रविवारी माझ्याकडेच दाढीला येतात डॉक्टर. ते म्हणाले, सिस्टर, पूल बंद केला तर पलीकडची बाळंतीण नदीच्या खालच्या अंगाच्या पुलानं फिरून येईल. तिला वाटेत काही झालं तर तुम्ही जबाबदारी घेणार का? ही घरी आली आणि म्हणाली, डॉक्टरांचंही खरंच आहे." त्यानं वस्तरा खणात टाकला. "चांगल्या माणसाला गप्प करायला चांगलंच कारण लागतं, बाई. वाईट कारणानं तिनं ऐकलं नसतं."

बाई उठल्या. दारात त्यानं विचारलं, ती काच कोणी बदलली ते कळलं का? बाई म्हणाल्या, कळलं. त्यानं नाव विचारलं नाही. उद्या सांगते, असं सांगून त्या निघाल्या, आणि चालताना त्यांच्या लक्षात आलं की डॉक्टर दर रविवारी याच खुर्चीत बसून, मान मागे टाकून, दाढी करून घेत असणार.

५

नगरपालिकेच्या बैठकीच्या दालनात गुळगुळीत मोठं टेबल होतं. बाईंनी त्यावर तीन बश्या ठेवल्या. एकीत पांढरी पूड, दुसरीत लांबीचा तुकडा, तिसरीत पारदर्शक खपली. प्रत्येकीत एकेक काच. मग तिघांना आत बोलावलं.

त्या सावकाश बोलल्या. कपाटावरचे प्लॅस्टरचे हात-पाय, दुकानातल्या लांबीचा वास, कपाचा कान. मग डॉक्टरांकडे वळल्या.

"त्या दिवशी खाली तुम्ही दचकलात. का, ते मला तेव्हा कळलं नाही. तुम्ही प्लॅस्टरनं लावलेली काच तिथे असायला हवी होती. समोर भलत्याचीच काच होती. त्याच क्षणी तुम्हाला कळलं की तुमच्यानंतर आणखी कुणीतरी तेच केलंय. म्हणून तुम्ही शांत झालात."

डॉक्टरांनी नाकारलं नाही. ताईंनी थोडा वेळ प्रयत्न केला. लांबी गावात कुणाकडेही असते, म्हणाल्या. बाईंनी विचारलं, काच फुटल्याचं समितीबाहेर कुणाला ठाऊक होतं? समितीबाहेरच्या माणसानं ती लपवायची कशाला? फुटलेली काच कुणाच्या गळ्यात धोंड होती? ज्याच्याकडे किल्ली होती त्याच्याच. ताईंनी लांबीची बशी दूर सारली. इंजिनियरांनी नुसते डोळे मिटले होते.

बाईंना या क्षणाची सवय होती. गुन्हा उघडा पडला की माणसं रडतात, चिडतात, पाय धरतात. यांच्यापैकी निदान एकजण तरी त्या नर्सचं नाव घेईल, असं त्यांना वाटलं होतं.

आधी इंजिनियरांनी डोळे उघडले. "म्हणजे पांढरं ते डॉक्टरांचं होतं," ते म्हणाले, कोडं सुटल्याच्या आनंदानं. "मी कितीदा विचार केला, कोण असेल म्हणून."

"मी तर पंधरा दिवस झोपले नव्हते," ताई म्हणाल्या. "वाटायचं, ते पांढरं लावणारा बोलून बसला तर?"

"मग हे सामूहिक झालं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी पाठ खुर्चीला टेकवली. "एकाच्या माथी मारण्यासारखं नाही. समितीचा निर्णय, म्हणा ना. बैठक झाली नाही एवढंच."

ताईंनी चहा सांगितला. बिनसाखरेचा एक, असं त्यांनी इंजिनियरांसाठी आठवणीनं सांगितलं. तिघांच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्याचं दिसत होतं. ती माणसं एकमेकांकडे पहिल्यांदाच बघत होती, आणि त्या बघण्यात चक्क माया होती. एकाच खाणावळीत जेवून एकाच वेळी पोट बिघडलेली माणसं एकमेकांकडे बघतात तशी.

बाई उठून बाहेरच्या बेसिनपाशी गेल्या आणि दोन्ही हातांनी काठ धरून उभ्या राहिल्या. खुनी त्यांनी बघितले होते. खुन्याला निदान मेलेला माणूस आठवतो. आतून बश्यांचा आवाज आला. चहा आला असावा.

परत आत गेल्यावर त्यांनी फक्त एक विचारलं. पूल पडल्यापासून माणसं कुठून जातात?

"खालच्या पुलावरून," इंजिनियर म्हणाले. "थोडी गर्दी होते खरी. पण तिथेही काच आहे."

"या आठवड्यात कुणी बघितली?"

तिघांनीही कप खाली ठेवले.

६

खालचा पूल पायी दहा-पंधरा मिनिटांवर होता. दुपारची पाळी सुटली होती. दोन पुलांची माणसं एका पुलावरून चालली होती. सायकली, हातगाड्या, कडेवर मुलं. बाई खांबाशी उतरल्या. काच मधोमध फुटली होती. एक अर्धा खांबाला लटकत होता, दुसरा खाली मातीत पडला होता. अजून कुणी नवी लावली नव्हती.

बाईंना फक्त चौकशीचा अधिकार होता. पूल बंद करण्याचा नव्हता, आणि किल्ल्या असलेले तिघं मागे चहापाशीच राहिले होते. त्यांनी राजधानीला आपल्या वरिष्ठांना फोन लावला. वरिष्ठांनी शांतपणे ऐकून घेतलं. काच इतर कारणांनीही फुटते, म्हणाले. कुणी दगड मारला असेल. एकच पूल उरलाय, तो बंद केला तर ओरड होईल, आणि तुम्ही तर पाहुण्या. तज्ज्ञ पाठवतो सोमवारी. तोवर तुम्ही नुसतं लक्ष ठेवा.

"बरं," बाई म्हणाल्या.

फोन बंद झाला. बाई हातातल्या फोनकडे बघत राहिल्या. तो शब्द त्यांच्याच तोंडून गेला होता, आणि किती सहज गेला होता. त्याच्या मागोमाग कारणंही आली होती, चांगली कारणं. मी कोण? खरंच कुणी दगड मारला असेल तर? चार दिवसांचा तर प्रश्न आहे. प्लॅस्टर, लांबी आणि डिंक या तिन्हींपेक्षा हे जास्त घट्ट बसलं असतं. आजवर ज्या किळसेनं त्या दुसऱ्यांकडे बघत आल्या होत्या ती आता आतून वर आली.

त्या पायऱ्या चढून वर गेल्या आणि पुलाच्या तोंडाशी, माणसांच्या वाटेत, आडव्या उभ्या राहिल्या. पूल बंद आहे, म्हणाल्या.

आधी लोकांना ती गंमत वाटली. मग पाठीमागची गर्दी वाढली आणि गंमत संपली. कुणी म्हणालं, बाई वेडी आहे. कुणी म्हणालं, पोरं घरी वाट बघतायत, सरक. पलीकडून येणारेही तटले. एक धिप्पाड हातगाडीवाला अगदी जवळ आला. बाईंना त्याच्या घामाचा वास आला.

"कुणाच्या हुकमानं बंद?"

बाईंनी क्षणभर मागे बघितलं. मागे त्यांच्या बाजूचं कुणी नव्हतं.

"माझ्या," त्या म्हणाल्या.

त्यांना ढकललं गेलं. त्या पडल्या, कोपर सोलवटलं, पुन्हा उठून उभ्या राहिल्या. तेवढ्यात गर्दीतून सलूनवाला पुढे आला. तो काही बोलला नाही. बाईंच्या शेजारी उभा राहिला, आणि त्याला मात्र कुणी ढकलेना, कारण त्याची बायको कशी गेली ते सगळ्यांना माहीत होतं. पोलीस येऊन फाटकं लागेपर्यंत दोघं तशीच उभी होती.

तज्ज्ञ आले, खांबाला लोखंडी पट्टे आवळले गेले, आणि काही आठवड्यांनी पूल पुन्हा सुरू झाला. तो पडला नाही. पडला असता की नाही, याबद्दल तज्ज्ञांनी दोन्ही बाजूंनी लिहिलं. पहिल्या पुलाबाबत ठपका कुणाचंही नाव न घेता समितीवर ठेवण्यात आला, आणि समिती बरखास्त करण्यात आली. इंजिनियर वेळेवर निवृत्त झाले. ताई निवडून आल्या. डॉक्टरांनी नर्सच्या नावानं बाळंतिणींच्या कक्षाला पाटी लावली आणि उद्घाटनाच्या भाषणात ते पुन्हा रडले.

चिमटाबाईंवर अधिकाराबाहेर वागल्याची चौकशी बसली. ती चौकशी मात्र कुठेही रेंगाळली नाही. एका बैठकीत निकाल लागला. बैठकीत अध्यक्षांनी विचारलं की पूल तर उभाच आहे, मग आपलं चुकलं असं तुम्हाला आता वाटतं का?

"पूल उभा आहे," बाई म्हणाल्या, "म्हणून तर तुम्ही मला हे विचारू शकताय."

हे उत्तर उद्धट ठरलं.

त्या गावी बाई नंतर एकदाच गेल्या. सलूनवाल्याला नावं सांगायची राहिली होती, ती सांगितली. त्यानं ऐकलं आणि खुर्चीवरचे केस झटकले. मग म्हणाला, डॉक्टर अजून येतात दर रविवारी. मान मागे टाकतात, डोळे मिटून घेतात. तिच्याबद्दल चांगलं बोलतात.

"आणि तुम्ही?"

"करतो दाढी," तो म्हणाला. "कुठे खरचटू देत नाही. पण या रविवारपासून त्यांनी दुसरीकडे जावं."